शकूची खुडूक कोंबडी

शकू माहेरी आली ती काखेत कोंबडी घेऊन. वडखळच्या नाक्यावर कंडक्टरने कुरकुर केली, तेव्हा पेणपर्यंत ती दारापाशी उभी राहिली. पेणला दुसरी एसटी धरली, गागोद्याच्या फाट्याला उतरली आणि वालाच्या शेतांमधून चालत घरी पोहोचली. तिचा थोरला भाऊ विठू बैलांना पेंढा टाकत होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं, मग मागून जावई येतोय का ते पाहिलं.

"एकटीच?"

"व्हय."

"कशाला आलीस गो?"

"ऱ्हायला."

विठूने पेंढीचा आळा सोडला आणि पुढे काही विचारलं नाही. माहेरवाशीण आली की चार दिवस राहतेच. पण त्याची बायको मैना चुलीपासून उठून दारात आली, आणि शकूच्या हातात ना पिशवी ना गाठोडं हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

शकूचं सासर खाडीकाठचं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा पुंडलिक मिठागरावर जायचा, पौषापासून तीही जायची. खाऱ्या चिखलात दिवसभर नाचत कोंड्यांचे, म्हणजे मिठाच्या वाफ्यांचे, तळ तुडवायचे. टाचांना भेगा पडल्या की त्यात खार शिरायचा. माहेरी यायच्या आदल्या दिवशी तिच्या अंगात ताप होता. ती घटकाभर बांधावर टेकली, तर पुंडलिकाने फावडं उलटं धरून दांड्याने तिच्या पाठीत तीन-चार वेळा हाणलं. बांधावर वीस माणसं होती. कुणी फावडं खाली ठेवलं नाही. घरात मार खाणं एक आणि हे एक. दुसऱ्या दिवशी कामाला निघावं तशी ती निघाली, आणि घरातलं जे एकच तिचं स्वतःचं होतं ते तिने काखेत मारलं. कोंबडी आईने लग्नात पाठराखणीसारखी दिली होती.

हे तिने फक्त आईला, कृष्णाबाईला सांगितलं. आईने पाठीला तेल लावलं, टाचांत मेण भरलं. "विठूला सांगू?" म्हणाली. शकू म्हणाली, "नको." भाऊ तापट. शिवाय सांगायचं कसं? वीस माणसांसमोरची ती लाज तिच्याच अंगाला चिकटली होती.

आठवा दिवस उजाडायच्या आत कोंबडी खुडूक झाली. अंग फुगवून कोपऱ्यात बसायची, कुणी जवळ गेलं की घशातून खुर्रर करायची. शकूने जुन्या टोपल्यात राख पसरली, वर पेंढा, त्यात कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवला, वीज गडगडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. शेजारपाजारची धरून तेरा अंडी जमवली आणि कोंबडी उबवायला, रवणावर बसवली.

दुसऱ्याच दिवशी पुंडलिक आला. बरोबर त्याचा चुलता काळुराम, घरातला कर्ता माणूस. चहा झाला. काळुराम म्हणाला, "चल पोरी. झालं माहेरपण."

शकूने भावाकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसलेला. मग तिच्या तोंडून निघालं, "कोंबडी बसलीय. काल बसवली. एसटीत अंडी हिंदकळतील."

"मग?"

"एकवीस दिस."

काळुराम खेड्यातला माणूस. बसलेली कोंबडी हलवत नाहीत हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पुंडलिक म्हणाला, "वहिनी बघतील कोंबडीला." शकू म्हणाली, "ती माझ्याबिगर कुणाला जवळ येऊ देत नाय." पुंडलिक हसला, टोपल्याशी गेला आणि हात घातला. कोंबडीने त्याच्या अंगठ्याचं कातडं सोललं. रक्त चोखत तो माघारी आला, तेव्हा मैनाला पदर तोंडाला लावावा लागला.

"एकवीस दिवसांनी येतो," काळुराम म्हणाला.

ते दिवस शकूने जितक्या सुखात काढले तितक्या सुखात लग्नानंतर एकही काढला नव्हता. रोज एकदा कोंबडीला उठवायची, कण्या घालायची, पाणी दाखवायची, अंगण फिरवायची. दहाव्या दिवशी कौलाच्या फटीतून येणाऱ्या कवडशात एकेक अंडं धरून पाहिलं. दोन पोचट निघाली, ती काढून टाकली. बाकीच्यांत काळी सावली हलत होती. विसाव्या दिवशी कान लावला तर आतून टकटक. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं पंखांखालून डोकी काढू लागली.

काळुराम आणि पुंडलिक शब्दाला जागून आले. शकू पिल्लांना वारुळाचं ढेकूळ फोडून वाळवी खायला घालत होती.

"आता झालं ना?" पुंडलिक म्हणाला.

"आता कुठं? तुमच्याकडं मिठागराच्या उघड्यावर घारी. एक झुडूप नाय. कोंबडी पिल्लांना लांब करीपर्यंत दोन-अडीच महिने जातील."

"एका कोंबडीपायी माझा संसार अडून राहिलाय."

"तर राहू दे."

हे ती इतकं सरळ बोलली की काळुरामने तिच्याकडे नीट पाहिलं आणि लगेच नजर वळवली. विठूने मधे पडून वैशाखाची बोली केली आणि पाहुण्यांना फाट्यापर्यंत पोचवून आला. आल्यावर बहिणीकडे न बघता बैलांकडे गेला.

शकू मात्र खूश होती. वालाची काढणी झाली, ती सगळ्यांच्या बरोबरीने राबली. घारीने एक पिल्लू नेलं, मुंगसाने एक. उरलेली नऊ वाढली. एकदा शेंगा झोडताना ती मैनाला म्हणाली, "ही परत अंडी घालील. परत खुडूक होईल. परत एकवीस दिस."

मैना झोडायची थांबली. ती वाईट नव्हती, पण जिभेला धार होती. "किती वर्षं कोंबडीच्या पंखाखाली बसणार हायेस गो? जायचं तर जा. नाय जायचं तर तोंडानं बोल. आम्हालापण कळू दे, काय झालं ते."

शकूला ते झोंबलं.  पण खोटं काय होतं त्यात? पाठीतले वळ कधीच गेले होते, आणि ती अजून दिवस मोजत होती. मार त्याने दिला आणि लपतेय मी, हे तिच्या मनात आलं, आणि एकदा आल्यावर हलेना.

वैशाखात कोंबडीने पिल्लांना टोचून दूर केलं. चार दिवसांनी पाहुणे आले. या खेपेला सासरच्या गावचे दोन पंचही सोबत होते. ओसरीवर घोंगडी अंथरली. काळुराम म्हणाला, "विठू, पिल्लं सुटी झाली असं ऐकतो. आता काय निमित्त?"

विठूने बहिणीकडे पाहिलं. शकू खांबाला धरून उभी होती. ती पुढे येऊन घोंगडीच्या कडेला बसली. बायका तिथे बसत नसत.

"निमित्त नाय," ती म्हणाली. "कोंबडीचं काय नाय. मी येणार नाय."

"कारण?" एका पंचाने विचारलं.

"पुंडलिकानं मला बांधावर फावड्याच्या दांड्यानं मारलं. तापात बसले म्हणून."

नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा घेतलं होतं. पुंडलिक ताडकन उठला. "खोटं बोलतेय."

"काकांना विचारा. काका माझ्यापासून चार हातांवर होते. माझ्याकडं बघितलं, आणि परत चिखल ओढायला लागले."

काळुराम टोपी काढून मांडीवर ठेवून बसला. पंच त्याच्याकडे पाहत होते. तो म्हणाला, "व्हय. मारलं." आणि मग, "घरोघर होतं."

"आमच्या घरी होत नाय," विठू म्हणाला.  बहिणीकडे वळून तो म्हणाला, "चार महिने गप राहिलीस?"

पुंडलिक ओरडला, "मग माझं मंगळसूत्र काढून दे."

तोवर कृष्णाबाई ओसरीवर आलीच नव्हती. ती आतून आली, शकूच्या मागे उभी राहिली, स्वतःच्या हाताने लेकीच्या गळ्यातली गाठ सोडली आणि काळे मणी काळुरामच्या टोपीत टाकले. "मोजून घ्या," म्हणाली. "तुमचे मणी तुम्हाला परत, माझी लेक मला परत."

पाहुणे उठले. चहा कुणी विचारला नाही.

गावात बोलणं झालं. पाण्यावर शकू आली की बायका हंडे बाजूला घ्यायच्या. शकू त्यांच्यामधूनच जायची आणि भरून यायची. विठू तिच्याशी आठ दिवस तुटक वागला, मग एका सकाळी बांबू तोडून आणले आणि मागच्या पडवीला कामट्यांचा आडोसा करायला बसला. "कशाला?" तिने विचारलं. "दहा कोंबड्या चुलीपाशी झोपवणार हायेस?" तो म्हणाला.

ज्येष्ठ लागताना त्या हंडे सरकवणाऱ्यांतलीच एक, काशीबाई, सुपात अंडी घेऊन मागच्या दाराने आली. तिची कोंबडी बसत नव्हती, आणि शकूची परत खुडूक झाली होती. शकूने सूप हातात घेतलं. "पुढल्या दारानं ये," ती म्हणाली, "मग बसवते."

काशीबाई क्षणभर घुटमळली. मग वळसा घालून पुढच्या अंगणात आली.