कारंज्याजवळचं पाणी

तलावाच्या पाच कोपऱ्यांतलं पाणी आणि पाचही बाटल्यांत ऑक्सिजन तंतोतंत सारखा, असं माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. आज सकाळी प्रयोगशाळेत जुने कागद चाळले, तर तीन महिने हेच चाललेलं. प्रत्येक कागदाखाली सही माझी. डोळे झाकून केलेली, दुसरं काय म्हणू.

बाटल्या भरून आणतो माझा धाकटा भाऊ. त्याला या कामाला चिकटवलं तेही मीच. बोलावलं आणि फैलावर घेतलं.

"खरं सांग, कुठून भरतोस?"

"कारंज्याजवळून. होडी गळते गं, ताई. आणि पलीकडे नाल्याचा वास सहन होत नाही." वर तोंड करून म्हणतो कसा, "तलाव एकच आहे ना? पाणी इथून घेतलं काय, तिथून घेतलं काय."

कारंजं दिवसभर पाण्यात हवा मिसळतं. तिथलं पाणी चांगलं निघणारच. एवढं तर याला कळत असेल, असं मी धरून चालले होते. आणि याच कागदांच्या भरवशावर नाल्याकडच्या उथळ काठाला मुलांच्या पोहण्याच्या शिबिराला परवानगी मिळाली होती.

"शिबिर कधीपासून आहे?"

"आजपासून. आपली चिमणीपण गेलीय."

चिमणी त्याची मुलगी, सात वर्षांची. मी पाणी तपासायची पेटी उचलली आणि स्कूटर काढली.

नाल्याच्या तोंडाशी बाटली बुडवून भरली, आत बुडबुडा राहू दिला नाही, ऑक्सिजन तपासायची दोन्ही औषधं घातली. ऑक्सिजन असला की बाटलीत तपकिरी गाळ धरतो. माझा गाळ पांढराच राहिला. दुसरी भरली, तीही पांढरी. म्हणजे सगळा ऑक्सिजन खाऊन नाल्याची घाण इथे आतल्या आत कुजत होती.

तीस पावलांवर मुलं डुंबत होती. मी धावत गेले, शिकवणाऱ्या बाईंना सगळ्यांना बाहेर काढायला सांगितलं आणि चपलांसकट पाण्यात उतरले.

"चिमणे, तोंड मीट आणि बाहेर ये."

"थांब ना आत्या, गंमत बघ." तिनं तोंडभर पाणी घेतलं, लांब चूळ उडवली, उरलेलं गिळलं आणि हसली. "सकाळपासून आम्ही सगळे हेच खेळतोय."