डावीकडं ओढणारी गाडी

गाडी डावीकडं ओढायली, हे काशीनाथरावांनी अख्ख्या गंगाखेडला सांगून झालं होतं. गाडी तरी कसली! लाल रंगाची, दोनच माणसांची, टप उघडणारी विलायती. हैदराबादेत कुण्या नवाबाच्या अंगणात तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. बँकेतली नोकरी नवी होती तेव्हा रावांनी ती आणली, आणि लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण त्याच गाडीतून नवी नवरी हेमाताई मानवतहून सासरी आल्या तेव्हा तीच माणसं गल्लीत दुतर्फा उभी होती. काय दिवस होते ते! आता असं बघायला कोण उभं राहतंय?

परवा राव कडेला उभ्या ट्रकला घासता घासता वाचले, तेव्हा लेक वैदेहीनं निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, दसऱ्यापर्यंत दोष सापडला तर ठीक, न्हाईतर गाडी विकायची." रावांनी शब्द दिला. दिला खरा, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

सिद्धोधन मेस्त्री कामाला लागला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही रावांची शिस्त. आधी टायरची हवा बघितली. मग पुढची चाकं इकडची तिकडं केली. खोट टायरात असती तर गाडी उजवीकडं गेली असती. गेली डावीकडंच. स्प्रिंगचे पाटे बघितले, शॉकअब्सॉर्बर बघितले, रबरी बुश नवे घातले, दोरी लावून चाकांची सरळ रेष तपासली.

"काका, आता बदलायला नुसता आरसा राहिलाय," सिद्धोधन म्हणाला. रावांना हसू आलं नाही.

एक तपासणी मात्र राहिली होती. दुसऱ्यानं चालवायची आणि आपण शेजारी बसून बघायचं. पण या स्टेअरिंगला परका हात रावांना कधी खपला नाही. सिद्धोधनलासुद्धा ते शेजारीच बसवत. दसरा तोंडावर आला, तेव्हा नाक मुठीत धरून त्यांनी बायकोला विचारलं.

हेमाताई राणीसावरगावच्या शाळेत होत्या तेव्हा स्वतःची छोटी गाडी रोज चालवत न्यायच्या. या लाल गाडीला मात्र हात लावायची मुभा नव्हती. "एवढ्या वर्षांनी आठवण झाली माझी?" म्हणत त्यांनी पदर खोचला.

गोदावरीचा पूल ओलांडला, परभणीचा रस्ता मोकळा मिळाला. गाडी नाकासमोर चालली होती. "हात सोड," राव म्हणाले. हेमाताईंनी क्षणभर सोडले. गाडी तसूभर हलली नाही.

रावांनी मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. खांदा आखडल्यापासून तो वर जातच नव्हता. एकटा डावा हात स्टेअरिंगला लोंबायचा, आणि त्याच्या भारानं चाक वळायचं.

"गाडी चांगली हाय गं," ते म्हणाले. "मीच तिला ओढायलोय."

"मला ठाऊक होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"रोज तुमच्या शर्टाच्या गुंड्या मी लावते. त्यावर तरी कधी बोललात का तुमी? ऐकलं असतं माझं?"

एवढी जपलेली गाडी, आणि इतके दिवस तिलाच नावं ठेवली. लय वाईट वाटलं रावांना, गाडीचंही आणि स्वतःचंही.

हेमाताईंनी गाडी कडेला घेतली. "परतताना तुमी चालवणार का? हळू जाऊ."

रावांनी बराच वेळ स्टेअरिंगकडं बघितलं. मग नकारार्थी मान हलवली.

"वैदेहीला फोन लाव. दोष सापडला म्हणावं. गाडी घरातच राहील, आई चालवील."