उजवीकडे वळलेली चोच

पक्षीदालनाच्या प्रमुख बाई शाळेच्या मुलांना चोची दाखवायच्या. ससाण्याची आकड्यासारखी चोच मांस फाडायला, बदकाची चपटी चोच चिखल गाळायला. शेवटी त्या आपल्या लाडक्या कवटीपाशी थांबायच्या. क्रॉसबिल नावाच्या छोट्या पक्ष्याची ती कवटी. तिच्या चोचीची दोन्ही टोकं एकमेकांना ओलांडून गेलेली.

"ही मोडलेली नाही बरं का," त्या सांगत. "पाइनच्या फळाचे खवले घट्ट मिटलेले असतात. ही वाकडी चोच आत घातली आणि जबडा बाजूला सरकवला, की खवला उचलला जातो आणि बी जिभेला लागतं. ज्यांच्या चोची जराशा वाकड्या होत्या त्यांचं पोट भरलं, त्यांची पिल्लं जगली. अशा कितीतरी पिढ्या गेल्या, तेव्हा ही चोच घडली."

मग त्या दोन बोटं एकमेकांवरून नेऊन दाखवत. खालचं बोट डावीकडे. त्या दिवशी बोटं सवयीनं डावीकडे गेली आणि नजर काचेकडे. आतल्या कवटीची खालची चोच उजवीकडे गेली होती.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. कुणाची चोच डावीकडे वळते, कुणाची उजवीकडे; पण मेलेला पक्षी काही बाजू बदलत नाही.

मुलं गेल्यावर त्यांनी कवटी बाहेर काढली. ती हाताला जड लागली, आणि खालच्या बाजूला घासून गुळगुळीत केलेला एक बारीक सांधा होता. नक्कल होती. आणि ती कुणाच्या हातची, हे त्यांना सांगायला नको होतं.

बाईंचे धाकटे दीर दातांच्या कवळ्या बनवायचे. घराच्या मागच्या खोलीतच त्यांचं काम चाले. मुलांना हाताळायला कवट्यांच्या नकला हव्यात असं संग्रहालयाचं ठरलं, तेव्हा बाईंनीच त्यांचं नाव सुचवलं होतं. कवळ्यांसारखंच संगणकावर चित्र घेऊन क्रॉसबिलचं काम केल्यावर त्यांनी अस्सल कवटी आणि नक्कल दोन्ही बाईंच्या हातात आणून दिल्या होत्या. नक्कल इतर नकलांच्या पेटीतून एका शाळेत गेली होती. मग काचेतली ही कुठली? त्यांनी दोन नकला केल्या आणि अस्सल ठेवून घेतली?

आता बाईंना सगळंच वेगळं दिसू लागलं. भावोजी हल्ली खोलीचं दार लावून घेत. "आत वास फार आहे, वहिनी," म्हणत. चकचकीत बूट घातलेला कुणी पाहुणा दोनदा येऊन गेला होता. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

संध्याकाळी दीर-जाऊ बाहेर पडले तशा बाई मागच्या खोलीत शिरल्या. खण उघडले. गुलाबी हिरड्या, दातांच्या ओळी, मेणाचे गोळे. कवटी कुठेच नव्हती.

"काही हवंय का, जाऊबाई?"

जाऊ पिशवी विसरली म्हणून परत आली होती.

"डिंक शोधत होते," बाई म्हणाल्या.

जाऊनं उघड्या खणाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "डिंक स्वयंपाकघरात असतो आपला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी संचालकांच्या कानावर घातलं. "घरचाच माणूस ना तुमचा?" संचालकांनी विचारलं आणि त्यांच्यासमोरच दिरांना फोन लावून काम थांबवायला सांगितलं. कारण सांगितलं नाही.

दुपारी शाळेतून पेटी परत आली. बाईंनी झाकण उघडलं. क्रॉसबिलची कवटी वरच होती. खालची चोच डावीकडे, आणि तिचं टोक कणभर उडालेलं. त्यांनी ती उचलली. वाळक्या पानासारखी हलकी. हीच अस्सल होती. वर्गभर हातोहात फिरून आली होती.

बाईंनी ती कापसात गुंडाळून ठेवली आणि तशाच घरी निघाल्या.

घरी भावोजी मागच्या खोलीत कवळी घासत बसले होते. आज दार उघडं होतं.

"भावोजी, कवट्या दिल्या तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

"अस्सल कापसात आहे, नक्कल कागदात." त्यांनी मान वर केली नाही. "तुम्ही फोनवर बोलत होतात. बोलता बोलताच दोन्ही पुड्या सोडल्यात."

"नक्कल उलटी झालीय. चोच उजवीकडे आहे."

त्यांचे हात थांबले. "म्हणजे संगणकावर चित्र उलटं पडलं असणार. माझ्या लक्षात आलं नाही, ती चूक माझी. त्यासाठी काम काढून घेतलं होय?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही अस्सल विकलीत. ते पाहुणे यायचे..."

"ते दातांचे डॉक्टर आहेत, वहिनी. कवळ्यांचं काम देतात मला." त्यांनी कवळी खाली ठेवली. "काल आमची ही म्हणाली, जाऊबाई खण उचकत होत्या. मी तिलाच रागावलो, उगाच काहीतरी बोलू नकोस म्हणून."

बाई उलट पावली संग्रहालयात गेल्या. झालेला सगळा घोळ आणि उडालेलं टोक, काहीही न लपवता त्यांनी संचालकांना सांगितलं. संचालक बराच वेळ चिडून बोलले आणि शेवटी काम पुन्हा सुरू करा म्हणाले. पण दिरांनी नको म्हणून कळवलं. कवळ्यांची कामं खूप आहेत, हे कारण दिलं.

घरात भांडण असं झालंच नाही. भावोजी पूर्वीसारखेच "वहिनी" म्हणून हाक मारत, जेवताना भाजीचं भांडं पुढे सरकवत. फक्त बाहेर जाताना ते मागच्या खोलीला कुलूप लावू लागले, आणि किल्ली जाऊच्या कमरेला असे.