थारोळ्यातली पाणदिवड

सारंगखेड्याच्या शिवारात हिंमतरावांचं घर मळ्यातच होतं आणि घरामागं विहीर. मोटेचं पाणी ज्या दगडी थारोळ्यात पडायचं, तिथं त्यांची बायको सरलाबाई रोज भांडी घासायला बसायची. भांडी झाली तरी ती उठायची नाही. शेवाळात बेडूक नुसते डोळे वर काढून बसलेले असत. कुंपणावरचा सरडा गळा लाल करून मान हलवायचा. दगडांच्या फटीतून सापसुरळी निघायची, ऊन अंगावर घेऊन पुन्हा आत जायची. आणि त्या पावसाळ्यात एक पाणदिवड, पाण्यात राहणारा साप, थारोळ्यात राहायला आली होती. पिवळसर अंगावर काळे चौकोन, डोळ्याखाली दोन तिरक्या काळ्या रेघा. बेडूक धरला की काही केल्या सोडायची नाही. ते बघताना सरलाबाई राखेचा हात तसाच धरून बसायची.

नवऱ्याला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. हिंमतरावांच्या धाकट्या बहिणीला लहानपणी नाग चावला होता. पोरीनं त्यांच्या मांडीवर जीव सोडला. तेव्हापासून साप दिसला की तो मारायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आश्विनात मिरचीला पाणी चालू होतं. थारोळ्याच्या तोंडाशी पाला अडकला म्हणून हिंमतरावांनी आत हात घातला आणि एकदम किंचाळले. सरलाबाई धावत आली तेव्हा ते मनगट धरून उभे होते. बोटांवरून रक्त वाहत होतं.

"साप शे! काळा! मी गऊ आते!"

"कोठे शे तो?"

"हात सोडे ना! झटकीसन पाणीमा टाकी दिधा."

ते ओसरीवर आडवे झाले ते हातपाय गाळूनच. "भिलाले बलाव," म्हणाले. "त्याले सांग, पाणीनी पाळी त्याले जशी पाहिजे तशी ले म्हणा. मन्हा मनमा काही नही."

भिला त्यांचा धाकटा भाऊ. मळा शेजारीच, विहीर दोघांची सामाईक. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तेव्हापासून दोघे एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण ओरडणं ऐकून भिला बांध ओलांडून आधीच निघाला होता. आला, भावाचा हात पाहिला आणि विळा चुलीत घातला. डाग दिला की विष जळतं, असं सगळेच म्हणत.

विळा तापेपर्यंत सरलाबाई थारोळ्याकडे गेली. पाणी गढूळ झालं होतं. ती वाकून बघत राहिली. गाळ खाली बसला तसं कोपऱ्यातल्या दगडाखाली ते चौकोन दिसले. पाणदिवड डोकं वर काढून तिच्याकडेच बघत होती.

ती पळतच परत आली. भिलाच्या हातात विळा लाल झाला होता.

"भिलाभाऊ, थांबा! डागू नका!"

"वहिनी, आते येळ नही शे!"

"पाणदिवड शे ती. मी रोज दखस तिले. तिन्हामा जहर नही."

"रोज दखस?" ओसरीवरून हिंमतरावांचा आवाज आला. मरायला टेकलेल्या माणसाच्या मानानं तो बराच मोठा होता.

सरलाबाईनं त्यांचा हात उजेडात धरला. नागाचे दोन दात उमटतात असं तिनं ऐकलं होतं. इथं बारीक दातांची ओळ होती, फणी टोचल्यासारखी. ती भिलाला दाखवली. भिला घुटमळला, पण त्यानं विळा खाली ठेवला.

"आणि तू चुकनी तं?" त्यानं विचारलं.

"गाडी जुपा," ती म्हणाली. "शहादाले डॉक्टरकडे चला. पण डागू नका."

गाडी निघाली. भिला बैल हाकत होता, सरलाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. खात्रीनं बोलून गेले, पण या माणसाचं काही झालं तर? थोडा वेळ हिंमतराव भावाशी बोलत होते. आईची, लहानपणी तापीत पोहायला जात त्याची आठवण काढत होते. भिला मागं न बघता डोळे पुसत होता. मग हिंमतरावांचं बोलणं थांबलं, डोळे मिटले, मान एका बाजूला कलली.

"भिलाभाऊ!" सरलाबाई ओरडली.

भिलानं कासरा ओढला आणि उडी मारून मागं आला. दोघं वाकून बघू लागले. तेवढ्यात हिंमतराव घोरले. चांगले मोठ्यानं घोरले.

सरलाबाईला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडूही आलं. भिला चाकाला टेकून खाली बसला. आवाजानं हिंमतराव जागे झाले आणि दोघांकडे बघत म्हणाले, "काय व्हयनं? भाकर लयेल शे का?"

भाकर कुणीच आणली नव्हती. शहाद्यात डॉक्टरांनी जखम धुतली, वर औषध लावलं, विषाची एकही खूण नाही म्हणून सांगितलं, आणि तिघं तिथल्याच एका दुकानात पोटभर भजी खाऊन परतले. वाटेत पाण्याच्या पाळीचा विषय भिलानंच काढला आणि घर यायच्या आत तो मिटलाही.

दुसऱ्या दिवशी सरलाबाई भांडी घेऊन बसली होती. हाताला पट्टी बांधलेले हिंमतराव मागून आले. बराच वेळ लांबच उभे राहिले.

"कोठे शे ती?"

तिनं बोट दाखवलं. ते जरा पुढं सरकले. दिवड दगडावर सैल पडून होती. ऊन तिच्या अंगावरून सरकत होतं.

"दखाले तं बरी शे," ते म्हणाले आणि पाय पोटाशी घेऊन सरलाबाईशेजारी बसले.