उंबऱ्याबाहेरची चप्पल

मित्रांनो, चप्पल म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. तरी ऐका. मी उजव्या पायाची एक जुनी चप्पल आहे. मला डोकं नाही, पण ते फिरलेलं मात्र आहे.

रायपूरच्या समता कॉलनीत, मधुमेहाच्या दवाखान्याशेजारी माझा जन्म झाला. कारागिराने मऊ रबराचा तळ कापला, टाचेला पट्टा लावला, खिळा एकही ठोकला नाही. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा भोपाळहून बदलून आलेले बाबाराव मला घेऊन गेले. साखरेने त्यांच्या पायांतली जाणीव गेली होती. घरातही ही चप्पल घाला आणि रोज तळवे तपासा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

घरी त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, मला उंबऱ्यावरच अडवलं. "चप्पल घालून देवापाशी येता काय? माह्या घरात हे चालणार नाही."

"डॉक्टर म्हणे..."

"डॉक्टरले काय जाते म्हणायले?"

बाबारावांना तेच हवं होतं. "मले तसंही काही टोचत नाही. लोखंडाचे पाय आहेत."

अहो, टोचत नाही हेच तर दुखणं! पण पालथ्या घड्यावर पाणी. गोळी घेत आणि वर पेढा खात. प्रसादातली साखर धरायची नसते म्हणे.

चैत्राच्या नवरात्रात ते भर दुपारी देवळात गेले. मी पायऱ्यांपाशी. फरशी अशी तापलेली की लोक अक्षरशः उड्या मारत होते, आणि बाबाराव संथपणे प्रदक्षिणा घालत होते. "भैया की श्रद्धा देखो," कुणीतरी म्हणालं. बाबाराव फुलले. मी खाली चरफडत होते.

तळव्याला फोड आले होते. घरी येताना एक फुटला. मी ओली झाले, त्यांना पत्ताच नाही. त्या दिवशी तळवा बघितला नाही, पुढेही नाही. जखम चिघळली, वास सुटला आणि आळ आला माझ्यावर. "फेका ते चप्पल, वास येऊन राह्यला," विमलाबाई म्हणाल्या.

टाकायला म्हणून त्यांच्या मुलीने, स्वरदाने, मला उचललं आणि ती थबकली. "बाबा, इसमें तो पस लगा है. पैर दिखाओ." तिने वडिलांचा पाय मांडीवर घेतला. विमलाबाईंनी जखम पाहिली आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा आणायला धावल्या.

पाय वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

नवा जोड आला तो विमलाबाईंनी स्वतः पुसून स्वयंपाकघराच्या दाराशी, आतल्या बाजूला ठेवला. बाबाराव तिथल्या देव्हाऱ्याकडे बघत घुटमळले.

"घाला जी," त्या म्हणाल्या. "देवाले मी समजावीन." आता रोज संध्याकाळी त्या चष्मा लावून नवऱ्याचे तळवे तपासतात.

मी बाहेर कोपऱ्यात पडून असते. त्याचं मला वाईट वाटत नाही, जुन्या चपलेचं तसंच व्हायचं. संताप येतो तो याचा की दोन बोटं गेल्यावर आमच्या जातीला आत जागा मिळाली. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला साखर असेल तर आज त्यांचा तळवा बघा. दुखत नाही म्हणाले तर जास्त नीट बघा. आणि आम्हाला आत घ्यायचंच आहे तर बोटं शाबूत आहेत तोवर घ्या.