संशयाला कार्ड चालत नाही

पन्नाशी उलटलेल्यांची आतड्याच्या कर्करोगाची तपासणी मोफत, असा निरोप आला आणि कुलपं-किल्ल्या दुरुस्त करणाऱ्या किल्लीवाल्यांनी घर डोक्यावर घेतलं. “आता शौचाचाही नमुना हवाय यांना! लाज कशी वाटत नाही मागायला?”

बायकोनं डबी त्यांच्या हातात कोंबली. “बडबड पुरे. पोटात कळ येते म्हणता ना? मग द्या.”

नमुन्यात रक्त निघालं. आता दुर्बीण घालून आतडं बघायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. किल्लीवाले सरकारी विम्याचं कार्ड घेऊन इस्पितळाच्या खिडकीशी गेले.

कारकून बोलायला नरम होता. “काका, दुर्बिणीचे पैसे तुम्हालाच भरावे लागतील. कर्करोग निघाला, तर पुढचं सगळं कार्डावर.”

“आणि नाही निघाला तर?”

“मग चांगलंच की!”

आकडा ऐकून किल्लीवाले बाहेरच्या बाकावर बसले. दीड महिन्याची कमाई. रक्त काय, मूळव्याधीनंही पडतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि घर गाठलं.

बायको दारातच उभी. “काय निघालं?”

“काही नाही. मूळव्याध.”

ती रडता रडता हसायला लागली. ते बघून खरं सांगायला त्यांची जीभ वळेना.

वर्षभर त्यांनी रेटलं. सदरे अंगावर लोंबायला लागले. “खाल्लेलं जातं कुठं तुमचं?” बायको विचारायची, ते हसण्यावारी न्यायचे. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या दारात, कुलूप उघडता उघडता ते कोसळले. रोग यकृतापर्यंत पोचला होता.

खिडकीत कारकून तोच. “आता काही भरायचं नाही, काकू,” म्हणत त्यानं कागद चाळले. “गेल्या वर्षी दुर्बिणीला आलेच नाहीत काका?”

बायको वळली. चाकाच्या खुर्चीत किल्लीवाल्यांनी मान खाली घातली.

“मूळव्याध म्हणालात मला.”

“पोरीच्या नर्सिंगची फी भरायची होती.”

“मला विचारायचं तरी! दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं.” मग कारकुनाकडे बघून ती म्हणाली, “हेच कार्ड तेव्हा का नाही चाललं?”

“तेव्हा नुसता संशय होता, काकू.”

दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना पाणी पाजताना हळूच म्हणाली, “फीचं पोरीच्या कानावर जाता कामा नये.”

त्यांनी मान डोलावली.

उपचार चार महिने चालले. एक पैसा लागला नाही. पाचव्या महिन्यात किल्लीवाले गेले.