कॅरो-कानच्या पानावरची पेन्सिल

राजेश्वरी सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि बुद्धिबळातल्या ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं जमवायची. कपाटात साठ-सत्तर होती. पण सध्या तिचा जीव जडला होता तो रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका फाटक्या इंग्रजी पुस्तकावर, आणि तोही समासात पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदींपायी.

कॅरो-कान या काळ्याच्या बचावाच्या पानावर पुस्तक ठासून सांगत होतं, की पांढऱ्याने प्यादं पुढे दामटलं की काळ्याने उंट बाहेर काढावा. शेजारी बारीक मराठी अक्षर होतं : ‘उंट आतच ऱ्हाऊ दे. आदी सी पाच.’ म्हणजे आधी सी पाच या घरात प्यादं. पुस्तकाने ही चाल एका ओळीत मोडीत काढली होती. आजचे कॉम्प्युटर तिला मान देतात. चाळीस वर्षांपूर्वी हे कुणाला सुचलं असेल? पहिल्या पानावर नाव होतं, ‘हवालदार आकाराम, दहिवडी, १९८४’.

दिवाळीच्या सुट्टीत ती एसटीने दहिवडीला गेली. फौजेतल्या आकारामचं घर पहिल्याच टपरीवाल्याने दाखवलं. सत्तरी ओलांडलेले आकाराम ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा पुसून पान डोळ्यांजवळ धरलं आणि खो खो हसले.

“पुस्तक माझंच हाय, ताई. पोरानं रद्दीत घातलं. पर अक्षर हिचं हाय. आगं, भाईर ये!”

शेळ्यांना पाला टाकून त्यांच्या पत्नी साळूबाई हात पुसत आल्या.

“आवं, हे असायचे सरहद्दीवर,” त्या म्हणाल्या. “पत्रातनं एक चाल धाडायचे, मी उलटी एक धाडायची. सुट्टीत आले तवा पुस्तक घरीच ठेवून गेले.”

“पण काकू, इंग्रजी?”

“ते कुठलं येतंय? चित्रं बघायची, घरांची नावं ह्यांनी शिकवलेली. उंट भाईर काढला की हे त्याच्यामागं प्यादी सोडायचे. लय वैताग! म्हनलं, बसू दे आत.”

“महिनाभर उत्तरच सुचंना मला,” आकाराम म्हणाले.

राजेश्वरीने पिशवीतला पट काढून साळूबाईंपुढे मांडला. “मी पांढरी घेते. खेळता?”

साळूबाईंनी पदर खोचला. चौतिसाव्या चालीला राजेश्वरीने हसत राजा आडवा केला. तिला हरल्याचं काहीच वाटलं नाही. कुठे चुकलं हेच ती विचारत राहिली आणि साळूबाई सोंगट्या मागे नेऊन दाखवत राहिल्या.

ती निघाली तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या.

“पुढच्या बारीला घोड्याच्या चालींचं एखादं पुस्तक आना की. घोडं मला अजून नीट कळलं न्हाई.”

राजेश्वरीने चार दिवसांत दोन पुस्तकं पोस्टाने धाडली, आणि सोबत एक नवी पेन्सिल.